हिंगोलीतला कंदीलमासा

आयुष्यात मी सगळ्यात जास्त कोणाचा ऋणी असेन, तर तो कंदील मॅडमचा. हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव कॉलेजच्या पाटीवर होतं आणि ते तिथंच राहिलं. हिंगोलीच्या स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला ते नाव सांगितलं तर तो डोकं खाजवायचा. ‘कंदील मॅडम’ म्हटलं की बराबर त्यांच्या दारात नेऊन सोडायचा. मॅडमना हे माहीत होतं. एकदा हजेरी घेताघेता त्या म्हणाल्या, ‘कंदील म्हणता ते ठीक आहे. भडकले की स्टोव्ह म्हणू नका म्हणजे झालं.’

त्या आम्हाला बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवत. नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. हिंगोली तेव्हा जिल्हा व्हायची होती. समुद्र आमच्यापासून इतका लांब की वर्गातल्या एकानंही तो पाहिलेला नव्हता, आणि मॅडमनीही नाही. आम्हाला माहीत होते ते मासे धरणातले आणि नदीतले, मरळ, रोहू, वाम. अशा गावात बसून या बाईंनी सगळी नोकरी ज्याच्यावर जीव टाकला तो मासा होता अरबी समुद्राच्या खोल अंधारात राहणारा, बोटभर लांबीचा, पोटावर दिव्यांच्या रांगा असलेला. पाठ्यपुस्तकात त्याच्यावर एक परिच्छेद होता. मॅडम तो परिच्छेद दिवाळीपर्यंत पुरवत. मराठीत त्याला नाव नव्हतं म्हणून त्यांनीच ठेवलं, कंदीलमासा. आम्ही परीक्षेत तेच लिहायचो.

त्या पुजाऱ्याच्या घरातल्या. त्यांचे वडील, अण्णा, गल्लीतल्या महादेवाची पूजा करत. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि अण्णा दोघंच. अंड्याचं टरफलही त्या उंबऱ्याच्या आत कधी गेलं नसेल. कॉलेजातून आल्यावर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय अण्णा त्यांना स्वयंपाकघराकडं फिरकू देत नसत. ‘दिवसभर मेलेली मासळी चिवडती अन् संध्याकाळी देवाची फुलं वेचती,’ असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मॅडम म्हणायच्या, ‘विष्णूचा पहिला अवतार कोणता, अण्णा?’ अण्णा बहुधा पूजेच्या तयारीला लागत. एकदा मात्र माझ्यासमोर म्हणाले, ‘तो बरणीत नव्हता राहत.’

बरणीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण मॅडमचं सगळं तिच्यात होतं. प्रॅक्टिकल हॉलच्या कपाटात, कुलपात, काचेची एक बरणी होती. आत फॉर्मलिनमध्ये एक फिकट पांढरा मासा. मॅडम विद्यापीठात शिकत असताना एका मैत्रिणीच्या भावानं तो आणून दिला होता. हा भाऊ कुठल्याशा बोटीवर कामाला होता आणि ‘खोल समुद्रातला, दिवेवाला’ एवढंच त्यानं सांगितलं होतं. आत टाकलेली चिठ्ठी विरघळून गेली होती. माशाची शेपटी तुटलेली होती. पण पोटाच्या कडेनं पिवळट ठिपक्यांच्या रांगा भिंगातून स्पष्ट दिसत.

वर्षातून एकदा मॅडम ती बरणी बाहेर काढत. आम्ही त्याला ‘दर्शन’ म्हणत असू. रांगेनं यायचं, भिंग हातात घ्यायचं, बघायचं. त्या बरणी दोन्ही हातांत धरून उभ्या राहत. खाली ठेवत नसत. आणि प्रत्येक बॅचला न चुकता एक गोष्ट सांगत. या जातीच्या माशाला पाठीवर, शेपटीच्या थोडं अलीकडं, एक बारका मांसल पर असतो. आपल्या माशाला तो दिसत नाही. ‘झडला असावा, असं मी समजते,’ त्या म्हणत. ‘पण समजणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. जाणत्या माणसाच्या डोळ्याखालून हा एकदा गेला पाहिजे. तोवर वहीत “बहुधा” लिहा.’

आमच्या सगळ्यांच्या वह्यांत ‘बहुधा’ आहे.

लाइट गेली की बाकीचे प्राध्यापक वही मिटून व्हरांड्यात येत. मॅडमचा तास तेव्हा रंगायचा. प्रॅक्टिकल हॉल पत्र्याचा होता. खिडक्यांना गोणपाटं अडकवून दार लावलं की कोणी बोलायचं नाही. ‘डोळ्यांना सवय होऊ द्या. घाई असेल त्यानं बाहेर उन्हात बसावं.’ पत्र्याखाली घामाच्या धारा लागत, मागं कोणीतरी हटकून खुसखुसत असे. मग हळूहळू पत्र्याला पडलेली खिळ्यांची भोकं दिसू लागत. आधी दोन-चार, मग सगळं छत ठिपक्यांनी भरून जाई. मॅडम स्टुलावर चढून पुठ्ठ्याचा एक मासा आमच्या डोक्यावरून फिरवत. ठिपके झाकत जाणारा काळा आकार लगेच कळायचा. ‘दिसला? म्हणजे खाल्ला गेला. समुद्रात शिकारी खालून बघतो.’ मग दुसरा पुठ्ठ्याचा मासा यायचा. त्याच्या पोटाला सुईनं भोकं पाडलेली आणि आत विजेरीचा बारका बल्ब. तो छताच्या ठिपक्यांत असा मिसळायचा की मासा कुठं संपला आणि छप्पर कुठं सुरू झालं ते सांगता यायचं नाही. अंधारातून त्यांचा आवाज येई, ‘याचा दिवा दिसण्यासाठी नाही. न दिसण्यासाठी आहे.’

लाइट आली की आम्हाला वाईट वाटायचं. असं मी दुसऱ्या कुठल्या विषयाबद्दल म्हणू शकत नाही.

त्यांचं कंदील हे नाव मात्र या माशावरून पडलं नाही. ते विहिरीवरून पडलं. कॉलेजच्या मागं एक पडीक विहीर होती. कंदीलमासा दिवसा शंभर-सव्वाशे परस खोल जाऊन राहतो हे मॅडमनी शिकवलं होतं. आमच्याकडं विहिरीची खोली परसात मोजतात, हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. त्यामुळं आकडा कळला होता. पण त्या खोलीवर आपल्या अरबी समुद्रात प्राणवायू फारच थोडा असतो, हे कोणाच्या डोक्यात शिरेना. मॅडमनी शिपायाकडून दोर मागवला, घरून आणलेला कंदील पेटवला आणि आम्हा सगळ्यांना घेऊन विहिरीवर गेल्या. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी आमच्याकडं असाच पेटता कंदील खाली सोडतात. विझला तर कोणी उतरायचं नाही. मॅडमनी पदर खोचून स्वतः दोर सोडला. आम्ही काठावर गुडघे टेकून वाकलेलो. बायकोशी भांडून कोणी उडी टाकली समजून रस्त्यावरची माणसं धावत आली. कंदील खाली गेला, ज्योत लहान झाली, एकदा उडाली आणि विझली.

‘जिथं हा विझतो,’ मॅडम धापा टाकत म्हणाल्या, ‘तिथं आपला मासा दिवसभर बसून राहतो. त्याला खाणाऱ्याचा जीव तिथं गुदमरतो म्हणून. आता लिहा.’

जमलेल्या माणसांपैकी एका म्हाताऱ्यानं विचारलं, कोण पडलंय? पोरांनी सांगितलं, मासा. त्या संध्याकाळपासून त्या कंदील मॅडम झाल्या.

माझ्या घरी शेळ्या-मेंढ्या. कनेरगाव नाक्याच्या आत, कच्च्या रस्त्यानं जावं लागतं अशा गावात आमचं घर. माझ्या आधी आमच्या घरात कोणी दहावीही झालं नव्हतं. वडिलांचा हिशेब सरळ होता. पोरगं बी.एस्सी. झालं, आता डी.एड.ला नंबर लागला की मास्तर होईल. मलाही ते पटलेलं होतं. मॅडमना न पटल्याचं कळलं ते त्या नाक्यावर एस.टी.तून उतरून, उन्हात चालत आमच्या वाड्यावर आल्या तेव्हा. आमच्याकडं वाडा म्हणजे मेंढरं कोंडायची जागा. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत बरणी.

वडिलांनी घोंगडं अंथरलं. त्यांनी आधी बरणीला हात जोडले. बाई देवळातल्या घरच्या आहेत हे ऐकून त्यांना ते तीर्थ वगैरे वाटलं असावं. मग आत बघून जरा मागं सरकले. मॅडमनी थेट सांगितलं, याला पुढं एम.एस्सी.ला पाठवा.

‘बाई, पोरगं मास्तर व्हईन म्हणून शिकवलं,’ ते म्हणाले. ‘मासं शिकून काय करीन ते?’

मॅडम म्हणाल्या, ते मला सांगता यायचं नाही. नोकरी लागेल असं मी म्हणत नाही.

माझ्या मनात आलं, झालं, संपलं. दुसऱ्या कोणी निदान चार खोटी आश्वासनं दिली असती. पण मॅडमनी पुढं माशाचंच सुरू केलं. दिवस मावळला की हे लाखोंनी खालून वर येतात, पाण्याच्या तोंडाशी बारीक किडे-झिंगे चरतात आणि उजाडायच्या आत परत खाली अंधारात जातात. रोज. वडिलांची मान हलायला लागली.

‘म्हंजी आमच्यावानीच झालं. चारा असंल तिकडं जायचं, लांडग्याची येळ झाली का माघारी. मंग यायला हाकतंय कोण?’

‘ऊन हाकतं.’

‘राखोळ्या न्हाई, कुत्रं न्हाई, अन् चुकत न्हाई एकबी?’

‘चुकतो तो खाल्ला जातो.’

वडील पुढं सरकून बरणीवर वाकले. मग म्हणाले, ‘बराबर हाय.’ एवढ्यावर माझ्या एम.एस्सी.चं ठरलं. मॅडम निघाल्या तेव्हा वडील नाक्यापर्यंत सोडायला गेले आणि एस.टी.च्या खिडकीशी उभं राहून त्यांनी बजावलं, ‘न्या त्याला. पण लेकराला पव्हता येत न्हाई, ध्यानात ठिवा.’

एम.एस्सी. झालो आणि मला कोकणात समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मदतनिसाचं काम मिळालं. निघायच्या आधी मॅडमच्या पाया पडायला गेलो. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने उरले होते. अण्णा वारले होते. पण मॅडम अजून बाहेरून आल्या की आधी अंघोळ करत. बरणी टेबलावर काढून ठेवलेली होती.

‘ही घेऊन जा,’ त्या म्हणाल्या. ‘तिथं जाणती माणसं आहेत. एकदा खात्री करून मला कळव. जाताना मला कपाटात नाव लिहून ठेवायचंय. “बहुधा” ठेवून जायचं नाही.’

मी विचारलं, आणि तो नसला तर?

‘तर तसं लिहीन.’ असं म्हणून त्यांनी बरणीला जुन्या साडीचा तुकडा गुंडाळायला घेतला. गाठ मारायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

बरणी मांडीवर घेऊन मी एस.टी.नं गेलो. कंडक्टरनं लोणचं आहे का विचारलं, मी मासा म्हटलं, तर तो म्हणाला, हिंगोलीहून कोकणात मासा? उद्या नागपूरला संत्री नेशील. सगळी गाडी हसली. मीही हसलो.

संस्थेत हजर व्हायला एक दिवस होता म्हणून सकाळी समुद्र बघायला गेलो. समुद्राच्या आधी बाजार लागला. तिथं पहिल्याच टोपलीत मॅडमचा मासा होता.

एक नव्हे, टोपलीभर. चंदेरी, ओले, पोटाच्या कडेनं सोनेरी ठिपक्यांच्या रांगा. फक्त यांच्या शेपट्या शाबूत होत्या, उंदराच्या शेपटीसारख्या लांब, निमुळत्या. मी तिथंच उकिडवा बसलो. कोळीणबाईंनी सांगितलं, मांदेली आहे, ताजी आहे. मी ठिपक्यांवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. ‘सोनं हाय ते,’ त्या म्हणाल्या, ‘सोन्याचा भाव न्हाय लावत, घे.’

किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरातल्या शेंबड्या पोरानं बरणी बघून सांगितलं असतं. पण आमच्या जिल्ह्यात मांदेली कोणी आणलीच नव्हती, आणि ज्यांच्या हातात ती बरणी होती त्या बाई जन्मात कधी मासळीबाजारात गेल्या नव्हत्या.

तरी मी संस्थेतल्या सरांना मासा दाखवला. ते शांत, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघून मला पोटाची करवतीसारखी कड दाखवली. कंदीलमाशाला ती नसते. मांदेलीच. मग मी त्यांना मॅडमचं सगळं सांगितलं, गोणपाटं, पुठ्ठ्याचे मासे, विहीर. ते ऐकत राहिले. नंतर मला आतल्या खोलीत घेऊन गेले. फळीवर अरबी समुद्रातल्या कंदीलमाशांच्या बाटल्या ओळीनं होत्या. त्यांतली एक त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, हा एक त्यांच्या बरणीत टाकून पाठवून द्या. रिटायर होतायत. आयुष्यभर शिकवलं ते खरं ठरेल. कोणाचं काय बिघडतंय?

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी खोलीवर आलो आणि मॅडमची बरणी आणि ही बाटली, दोन्ही खिडकीत ठेवल्या. दोन-तीन आठवडे त्या तशाच होत्या. मॅडमच्या डोळ्यांना आता कमी दिसायचं, त्यांना कळलंही नसतं. त्या वर्गात सांगतील, खात्री झाली. फळ्यावर ‘कंदीलमासा’ लिहितील आणि पुढं ‘बहुधा’ लिहिणार नाहीत. मला ते चित्र फार आवडत होतं, हे मी नाकारत नाही. पण जितकं ते आवडत होतं तितकं एक लक्षात येत गेलं. मॅडमनी माझ्याकडं मासा मागितला नव्हता. खात्री मागितली होती.

मग मी त्यांना पत्र लिहिलं. त्याची प्रत मी ठेवली होती. ती अशी :

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. मी सुखरूप पोचलो. वडिलांना निरोप द्यावा की मी पाण्यात उतरलेलो नाही.

आपला मासा सरांनी तपासला. तो कंदीलमासा नाही. त्याचं नाव मांदेली. तो पर झडलेला नव्हता, या माशाला तो नसतोच. तुम्हाला जिथं शंका होती तिथंच चूक होती, बाकी कुठं नाही. मांदेली खोल पाण्यात राहत नाही. ती किनाऱ्याजवळ, उथळ, गढूळ पाण्यात थव्यानं असते आणि इथल्या बाजारात टोपलीनं मिळते. तुम्ही खात्री करून कळवायला सांगितलं होतं म्हणून हे जसंच्या तसं लिहितो.

आता दुसरं. सोबत बारक्या बाटलीत खरा कंदीलमासा पाठवत आहे. सरांनी तुमच्यासाठी म्हणून दिला आहे. तो आपल्याला वाटत होता त्याहून लहान आहे, बोटाच्या दोन पेरांएवढा. डोळे मात्र केवढे तरी मोठे. पाठीवरचा पर भिंगाशिवायही दिसतो. हा नर आहे. याच्या शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला एक उजळणारा ठिपका असतो, मादीला तो खालच्या बाजूला असतो. हे पुस्तकात नव्हतं म्हणून कळवतो. याचं आयुष्य जेमतेम वर्षाचं. दिवसा कमी प्राणवायूच्या पाण्यात, रात्री वर, पोटाचे दिवे वरच्या उजेडाएवढेच मंद. हे सगळं मी सरांना एकेक करून विचारलं. मॅडम, तुम्ही शिकवलेलं सगळं बराबर निघालं. फक्त बरणीतला मासा दुसरा होता.

मांदेलीच्या पोटावरच्या सोनेरी ठिपक्यांचंही विचारलं. ते उजळतात का, कशासाठी आहेत, हे सरांनाही खात्रीनं सांगता आलं नाही. त्यांनीसुद्धा ‘बहुधा’ हाच शब्द वापरला.

आपला मासा आपल्याच बरणीत परत पाठवत आहे. नवीन फॉर्मलिन घातलं आहे. नावाची चिठ्ठी मी लावलेली नाही, ती तुमच्या हातची असावी.

इथं माझ्या घरमालकीणबाई फार मायाळू आहेत. आठवड्यातून दोनदा तरी मांदेली तळून वाढतात. मी मेंढरांच्या घरातला, सगळं खाणारा. पण ही माझ्या घशाखाली उतरत नाही. त्यांना वाटतं, मला मासे आवडत नाहीत. त्यांना कसं सांगू, ती ताटात आली की, तुम्ही वर्गात आल्यासारखं, मला उठून उभं राहावंसं वाटतं.

आपला विद्यार्थी